अण्णांनी जुळवलेला बो मी तोडला

जी चूक अण्णा मरेपर्यंत स्वतःची समजत होते, ती माझी होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घालून दोन गोड ओळी लिहिणं सोपं होतं. मला ते शोभणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरेशअण्णांचं कोप्पीकर रोडच्या आतल्या गल्लीत खेळाच्या सामानाचं दुकान. पुढे कॅरम, रॅकेट, फुटबॉल. मागे गोडाऊनच्या लांबट बोळात धनुष्यबाण आणि टोकाला फोमचं टार्गेट.

गदग, हावेरी, बेळगावहून लोक यायचे. खरेदीला कमी, अण्णांच्या हातून सेटिंग करून घ्यायला जास्त.

अण्णा आधी भिंतीला पाठ टेकवून उभं करायचे. "हात पसर. पूर्ण पसर की! लाजालास कशाला, पोरगी बघायला आलायस काय?"

मग एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत टेप धरायचे. त्या मापावरून दोरी कुठवर यायला हवी ते ठरायचं. मग एलन की घेऊन तासभर एकेक बोल्ट फिरवत बसायचे.

घाई केली की एकच शब्द. "निधान." म्हणजे सावकाश.

आणि नियमही एकच. बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. बाण असला की जोर बाणाबरोबर जातो. नसला की सगळा दणका धनुष्यालाच बसतो. हे ते प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. मीही म्हटलं होतं.

तीन वर्षांपूर्वीचा रविवार. माझा नवा कंपाउंड बो, म्हणजे आधुनिक धनुष्य, आला होता. काळा, दोन्ही टोकांना चाकं. अण्णांनी सकाळपासून बसून तो माझ्या मापाचा केला होता.

तीन बाण मारले. तिन्ही टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात. मी हवेत!

तेवढ्यात पुढे कुणीतरी शटलकॉक मागायला आलं. "बाण काढून ठेव, आलोच," म्हणत अण्णा गेले.

मी बाण काढायला गेलो नाही. स्टुलावर मोबाईल उभा केला आणि व्हिडिओ चालू केला. प्रोफाइलला टाकायला बो ताणलेली पोज हवी होती मला.

रिकामी दोरी ताणली. बोट दोरी सोडायच्या ट्रिगरवर होतं, ते दाबलं गेलं.

फटाक!

पुढून अण्णांचा आवाज आला. "काय पडलं रे?"

"काही नाही अण्णा, स्टूल."

बो वरून धड दिसत होता. मी व्हिडिओ डिलीट केला. एवढं मात्र मी चटकन केलं.

अण्णा आले. माझं कोपर खाली पडतंय, ते कसं ठेवायचं हे दाखवायला त्यांनी बो हातात घेतला, बाण लावला, ताणला.

तेव्हा तरी बोलायचं. नाही बोललो.

धनुष्याचं वरचं पातं कडकन चिरलं. दोरी सुटून त्यांच्या मनगटावर बसली. लालभडक वळ उठला.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "तुला लागलं नाही नव्हं?"

मग चष्मा पुसून तुटलेलं पातं बराच वेळ न्याहाळलं. "नंदे तप्पु," असं कन्नडात पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझीच चूक रे संजू. बोल्ट जास्त आवळला गेला बघ. नजर गेली माझी."

मी तारिहाळला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पार्ट तुटला की 'मूळ कारण' हा रकाना मी रोज भरतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. त्या दिवशी मी मान खाली घालून उभा राहिलो.

मला वाटलं, आठवड्यात विसरतील.

ते विसरले नाहीत. त्या दिवसापासून अण्णांनी सेटिंगचं काम बंद केलं. लांबून आलेल्या माणसालाही सांगायचे, "धारवाडला एक जण करतोय, त्याच्याकडं जा. माझा हात आता भरवशाचा नाही. कुणाला तरी लागायचं."

एलन कीचा सेट ड्रॉवरमध्ये गेला. अण्णा पुढच्या काउंटरवर शटलकॉक विकत बसले. दोन वर्षं.

मी गेलो की चहा मागवायचे आणि वळ उठलेलं ते मनगट चोळत विचारायचे, "रागात नाहीस नव्हं रे?"

मी तो चहा प्यायचो. घशाखाली उतरायचा, लाज वाटते सांगायला.

मग अण्णा गेले. खांदा द्यायला मी पुढे होतो.

आज वर्षश्राद्धाचं जेवण होतं. अण्णांच्या बायको, आमच्या वहिनी, वाढत होत्या. माझ्या पानाशी थांबून शेजारच्या पाहुण्याला म्हणाल्या, "हा संजू. ह्यांच्या हातून ह्याचा नवा बो मोडला, पर ह्यानं कुठं बोभाटा केला नाही. शेवटपर्यंत ह्याचं कौतुक करायचे."

मी हातातला घास पानात ठेवला.

मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. पोज, व्हिडिओ, स्टूल. सगळं.

वहिनींनी पळी भांड्यात ठेवली. रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

"त्यांना सांगायचं होतंस," म्हणाल्या. "एक वाक्य. तेवढ्यावर उठून बसला असता माणूस."

मी म्हटलं, "वहिनी, माफ करा."

"मी कोण माफ करणार? त्यांनी दारातून परत पाठवलेली माणसं आहेत की गावोगाव. त्यांना सांग जा."

म्हणून ही पोस्ट. माझ्या लिस्टमध्ये त्यातले बरेच जण आहात. "म्हातारपण आलं अण्णांना" असं तुम्ही म्हणाला होतात, आणि मी हो ला हो केलं होतं. ते खोटं होतं. अण्णांची नजर शाबूत होती. बोल्ट बरोबर आवळलेला होता. मला शिव्या द्या, कमेंट उघडी ठेवलीय. आणि हे पुढे पाठवा.

अण्णा, श्रद्धांजली म्हणायचा हक्क मी गमावलाय. एवढंच म्हणतो, जे तेव्हा म्हणायला हवं होतं.

अण्णा, तुमचं काही चुकलं नव्हतं.