झिग्मसला दिसलेली टीम

झिग्मसबद्दल ब्रोन्युसला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. कौनास शहराच्या टीमचे सामने दोघांनी कितीतरी वर्षं शेजारी बसून पाहिले, पण झिग्मस चर्चच्या गायनमंडळात गायचा हे ब्रोन्युसला कळलं ते त्याला पुरून आल्यावरच्या जेवणात. त्याच्या वारलेल्या बायकोचं नावही तिथेच कानावर पडलं. टेबलाभोवतीच्या माणसांनी एकेक आठवण सांगितली. नजरा ब्रोन्युसकडे वळल्या तेव्हा त्याने बटाट्याच्या ताटलीत मान घातली. त्याला सांगता आलं असतं ते एवढंच, की बास्केटबॉलच्या टीमबद्दल या माणसाचं मत काय होतं. आणि ते काही अशा जेवणात सांगण्यासारखं नव्हतं.

मत एकच होतं. जुनी टीम ती टीम, बाकी सगळा पोरखेळ.

जुनी म्हणजे ऐंशीच्या दशकातली, मॉस्कोच्या लष्करी टीमला पाणी पाजणारी. तेव्हा झिग्मस सूतगिरणीत मेकॅनिक होता. युनियनकडून तिकीट मिळालं तर नशीब, नाहीतर जुन्या हॉलच्या दाराशी थंडीत उभं राहायचं आणि आतल्या आरडाओरड्यावरून स्कोअर ओळखायचा. खेळाडू सगळे आसपासच्या गावांतले. वर्षानुवर्षं तेच चेहरे, तेच नंबर. लोकांनी त्यांना टोपणनावं पाडली होती. बास्केटखाली भिंतीसारखा उभा राहायचा तो गिरणीवाला. चार जणांच्या मधून सुईत दोरा घालावा तसा पास काढायचा तो शिंपी. लांब मानेचा, एका पायावर झुकून चेंडू टाकायचा तो करकोचा. झिग्मस म्हणायचा, आता काय आहे? दर उन्हाळ्यात अर्धी टीम विकायची, अर्धी विकत आणायची. सगळे तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभे राहून लांबून फेकाफेक करतात. आणि मध्ये जरा उसंत मिळाली की स्टेडियमवाले कर्णे वाजवतात, धूर सोडतात. सामना आहे की लग्न?

ब्रोन्युसचं मत निराळं होतं. आजची पोरं जास्त वेगवान, जास्त ताकदीची. जुने त्यांच्यापुढे पहिल्या दहा मिनिटांत धापा टाकू लागले असते, असं त्याला वाटायचं. पण तो बोलला असेल एखाददुसऱ्या वेळी. तो मुळातच न बोलणारा. शाळेत भूगोल शिकवला तोही बराचसा नकाशाकडे तोंड करून. बायको गेल्यापासून तर दुकानदाराशी होईल तेवढंच बोलणं. नेमुनस नदीतल्या बेटावरच्या नव्या स्टेडियममध्ये झिग्मसने बोलावं, त्याने ऐकावं, आणि लसूण चोळलेला तळलेला काळा पाव एकाच पुडीतून दोघांनी खावा, असं चाललं होतं.

मग एका शरद ऋतूत, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, झिग्मसने तेरा नंबरला शिव्या घातल्या. ‘‘हा लंबू अजून गुडघे वाकवायला शिकला नाही,’’ तो मोठ्याने म्हणाला, ‘‘याला खांबाला टांगा आणि जाळी लावा.’’ पुढच्या रांगेतली माणसं हसली. ब्रोन्युसही हसणार होता, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. तो लंबू उन्हाळ्यातच तुर्कस्तानात गेला होता. आता तेरा नंबर घातला होता तो अमेरिकेतून आलेल्या नव्या पोराने, आणि तो टीममधला सगळ्यांत बुटका होता.

पुढच्यांना ती थट्टाच वाटली. ब्रोन्युसने शेजारी पाहिलं. झिग्मसची मान चेंडूबरोबर वळत होती खरी, पण लोकांचा आवाज ज्या बाजूने यायचा त्या बाजूला, आणि जराशी उशिरा. पावाची पुडी त्याने चाचपून घेतली. एवढे दिवस हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं ब्रोन्युसला वाईट वाटलं. झिग्मसला विचारायचं धाडस काही झालं नाही.

पुढच्या सामन्याला ब्रोन्युस पुटपुटू लागला. जणू स्वतःशीच. ‘‘तेराने सातला दिला. सातने बावीसला.’’ झिग्मसचा चेहरा कोराच राहिला. दर वर्षी माणसं बदलत असताना नुसत्या आकड्यांवरून त्याला काय दिसणार? तेवढ्यात त्या बुटक्या पोराने दोघांच्या बगलांमधून पास काढला, आणि ब्रोन्युसच्या तोंडून निघून गेलं, ‘‘अगदी शिंपी. फक्त डावखुरा.’’

झिग्मस ताठ बसला. ‘‘शिंप्याएवढा खाली वाकतो?’’

‘‘त्याच्याहून खाली.’’

‘‘आणि केस?’’

‘‘केस नाहीतच.’’

‘‘मग बरंय,’’ झिग्मस म्हणाला, ‘‘शिंप्याचे डोळ्यांवर यायचे.’’

तिथून ब्रोन्युसला वाट सापडली. सर्बियाचा एक धिप्पाड गडी होता, तो गिरणीवाला झाला. खांदे तसेच, पण पाय हलके. कोपऱ्यातून लांबचे नेम मारणाऱ्या लात्व्हियाच्या पोराला करकोच्याची मान दिली. एका आडदांड नवशिक्याला काही केल्या कुणाचीच उपमा बसेना. तेव्हा झिग्मसने स्वतःच विचारलं, तो चेंडू हातात आला की आधी जमिनीकडे बघतो का. बघतो, ब्रोन्युस म्हणाला. मग तो आमच्या गिरणीतल्या फोरमनसारखा असणार, झिग्मस म्हणाला, त्याला काही देऊ नका.

जन्मात बोलला नसेल तेवढं ब्रोन्युस त्या हिवाळ्यात बोलला. घसा बसायचा. घरी येऊन मध घातलेला चहा प्यायचा आणि पुढच्या सामन्याआधी नव्या खेळाडूंना बरोबर कोणाचं रूप द्यावं याचा विचार करत पडायचा. डोळ्यांचा विषय दोघांत कधीच निघाला नाही. एकदाच, सर्दीमुळे ब्रोन्युस सामन्याच्या मध्यावर जवळजवळ गप्प होता, तेव्हा निघताना झिग्मस नेहमीच्याच आवाजात म्हणाला, ‘‘आज मधला भाग मला दिसलाच नाही.’’

मोसम संपत आला तेव्हा झिग्मसची मुलगी दाइवा त्याला न्यायला स्टेडियममध्ये आली. तो दाराशी जमा केलेला कोट परत घ्यायच्या रांगेत होता. तिने ब्रोन्युसला खांबाआड घेतलं.

‘‘काका, मला खरं सांगा. बाबांना खेळ दिसतो का?’’

ब्रोन्युसने आधी झिग्मस ऐकत नाही ना ते पाहिलं.

‘‘डॉक्टर म्हणतात, समोरचं सगळं गेलंय, कडेकडेचं थोडं उरलंय. मग इथे येऊन ते करतात काय? गर्दीत पडले तर? पुढच्या वर्षीचा सामन्यांचा पास मी काही काढणार नाही.’’

रांग पुढे सरकत होती. झिग्मसचा कोट आलाही असता. ब्रोन्युसने घसा खाकरला.

‘‘दिसत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘मी सांगतो त्याला. मग त्याला दिसतं.’’ हे वेड्यासारखं वाटलं असणार, असं वाटून तो आणखी बोलला. ‘‘ट्रॉलीबसच्या थांब्यावरून मी त्याला आणीन. परत चढवूनही देईन. तू काळजी करू नकोस.’’

‘‘आणि तुम्हाला कशाला हा त्रास?’’

‘‘मला तरी बोलायला दुसरं कोण आहे, पोरी?’’

दाइवा म्हणाली, पास काढते, पण पायऱ्यांवर त्यांचा हात धरा. ब्रोन्युस म्हणाला, हात तो धरू देणार नाही, पण पायरी आली की मी नुसतं ‘पायरी’ म्हणेन.

त्यांना आणखी एक अख्खा मोसम मिळाला. टीम पुन्हा अर्धी बदलली होती. तो डावखुरा शिंपी स्पेनला गेला. झिग्मसने हळहळ केली, जशी जुन्यांपैकी कुणासाठी केली असती, आणि लगेच विचारलं, मग आता शिंपी कोण?

शेवटच्या सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, आपल्या पोरांनी चेंडू हिसकावला आणि सगळे एकदम धावत सुटले. ब्रोन्युस झिग्मसच्या कानाशी लागला होता. शिंपी मधून घेऊन निघालाय, करकोचा कोपऱ्यात पोचला, पण त्याला दिलाच नाही, गिरणीवाल्यासाठी वर उडवला, आणि गिरणीवाला हवेत...

‘‘गिरणीवाला जन्मात हवेत गेला नाही,’’ झिग्मस म्हणाला.

‘‘समज, तो पोटाने निम्मा झालाय.’’

झिग्मस हसला. आजूबाजूचे सगळे उभे राहून ओरडत होते. तो बसूनच होता, हात गुडघ्यांवर. मग म्हणाला, ‘‘मग ही टीम चांगलीच आहे म्हणायची.’’

इतक्या वर्षांत ब्रोन्युसने हे प्रथमच ऐकलं. ‘‘जुन्यांना हरवतील?’’ त्याने विचारलं.

‘‘हरवतील. पाच पॉइंटनी.’’

‘‘दहा.’’

‘‘पाच,’’ झिग्मस म्हणाला. ‘‘आमच्या हॉलमध्ये असेल तर तीन.’’

ब्रोन्युसला वाटलं, आपण याला आजची टीम दाखवली की जुनीच नव्या कपड्यांत? त्याने मैदानाकडे पाहिलं. धिप्पाड सर्बियन घाम पुसत उभा होता, आणि घटकाभर खरोखरच तो गिरणीवाल्यासारखा दिसला. शंका त्याने तिथेच सोडून दिली.

बाहेर नदीवरून वारा येत होता. दोघे पुलावरून थांब्यापर्यंत आले. पावाची पुडी संपली होती, तरी झिग्मसने ती खिशात घालून ठेवली. ट्रॉलीबस आली, दार उघडलं.

‘‘पायरी,’’ ब्रोन्युस म्हणाला.

‘‘दिसली रे,’’ झिग्मस म्हणाला. ‘‘जा तू, तुझी बस चुकेल.’’