माता पालक समाधानी आहेत

सकाळचे पावणेआठ वाजले होते आणि मी धुळ्याला घरी डबा भरत होते. सुमनअक्कांचा फोन आला. सुमनअक्का म्हणजे आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीची आजी आणि गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायकांची म्होरकी. "मॅडम, गेटले कुलूप शे. नाना अजून उनात नही." मी जरा वैतागूनच म्हटलं, येतील, गाडी पंक्चर झाली असेल. फोन ठेवल्यावर मात्र चमकले. दोन वर्षांत साडेसातनंतर त्या गेटला कुणी कुलूप पाहिलेलं नव्हतं. नानांना फोन लावला, तो त्यांच्या मुलाने उचलला. पहाटे झोपेतच गेले, म्हणाला... डबा तसाच ओट्यावर राहिला.

नाना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. गावाला ते नाना, मला सर. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच, ते आणि मी. ते बदलून आले तेव्हा आमचा पट इतका घसरला होता की शाळा बंद करून मुलं शेजारच्या गावात पाठवायची, अशी भाषा वर सुरू झाली होती. रोज सकाळी एक पिवळी व्हॅन यायची आणि आमची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जायची. पालकांना इंग्रजीचं वेड लागलंय, असं माझं ठाम मत होतं. अशा वेळी शाळेचा विकास आराखडा करायची वेळ आली. पुढच्या तीन वर्षांत शाळेत काय काय करायचं, ते गावाला विचारून त्यात लिहायचं असतं. मी तो एका दुपारी लिहायची. आधीचा समोर ठेवायचा, तारखा बदलायच्या, अक्षर सुंदर काढायचं. माझं अक्षर केंद्रातल्या सगळ्या शाळांत नावाजलेलं आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

सरांनी तो वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'माता पालकांचे मत : माता पालक समाधानी आहेत.'

"विचारलं होतं का तुम्ही?"

"सह्या आहेत की," मी म्हणाले.

सह्या होत्याच. शाळेच्या समितीत निम्म्या बायका हव्यात असा नियम, म्हणून निम्म्या बायका होत्या. सभा अकराला भरायची. सरपंच आबा, पोलीस पाटील आणि चहाला कधी नाही न म्हणणारे दोन-तीन ज्येष्ठ यायचे. रजिस्टर नंतर घरोघर फिरायचं, कुणाच्या नवऱ्याबरोबर, कुणाच्या दिराबरोबर, आणि सह्या होऊन परत यायचं. सभेत दर वेळी एकच ठराव व्हायचा, शाळेच्या गेटवर कमान बांधावी. कमानीवर कुणाच्या वडिलांचं नाव यावं, यावर मात्र दोन तास वाद चालायचा आणि पुढची सभा ठरायची.

सरांनी माझा आराखडा बाजूला ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. या माणसाला विचारायचा नादच होता. शाळेपुढचा टपरीवाला, अंगणवाडीच्या ताई, टाकी भरणारा माणूस, सगळ्यांना 'शाळेत काय कमी आहे?' असं विचारत हिंडायचे आणि चिठ्ठ्या खिशात कोंबायचे. मुलांनाही विचारलं. कुणी झोका मागितला, कुणी खिचडीत बटाटा. दुसरीतल्या एका कार्टीने सांगितलं, मॅडमचा आवाज कमी करा. सरांनी ते माझ्यादेखत वाचून दाखवलं आणि कच्च्या आराखड्यात 'शैक्षणिक वातावरण' या सदराखाली लिहूनही टाकलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते गंभीरपणे म्हणाले, "या कामात चांगली प्रगती दिसतेय." मला हसू आलं आणि तिथेच माझा राग फसला.

राहिल्या माता पालक. त्या सकाळी आठला वावरात जातात आणि दिवस मावळता परततात, तर अकराच्या सभेला येणार कोण? "मग सभा वावरात नेऊ," सर म्हणाले. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर रजिस्टर काखेत मारून ते निघाले आणि मागून मी, नेमकी त्या दिवशी नवी साडी नेसलेली.

बायकांनी आम्हाला पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. सुमनअक्कांनी अट घातली, बोलायचं तर वेचता वेचता बोला, आमचा कापूस संध्याकाळी मोजला जातो. सरांनी कमरेला फडकं बांधून घेतलं. मी एका हाताने लिहीत होते, दुसऱ्याने साडी सोडवत होते. बोंडांची वाळलेली टोकं पदराला अशी धरतात की पुढं जाता येत नाही आणि मागंही येता येत नाही. अर्ध्या तासाने सरांनी आपली ओटी मोठ्या ऐटीत अक्कांपुढे रिकामी केली. अक्कांनी ती चिवडून पाहिली.

"नाना, हाऊ कापूस शे का पाला?"

सगळं वावर हसलं. अक्कांनी सरांना पुन्हा पहिल्या ओळीत उभं करून, चिमटीत धरून कापूस कसा ओढायचा ते शिकवलं, आणि निवृत्तीला टेकलेला हा माणूस पहिलीतल्या पोरासारखा मान डोलावत शिकला. मग मी मुद्द्याला हात घातला. शाळेबद्दल काय मत आहे? "बठ्ठं चांगलं शे, मॅडम," एकामागून एक उत्तर आलं. मी सरांकडे विजयाने पाहिलं. माझी ओळ तंतोतंत खरी निघाली होती.

सर अख्खी ओळ वेचत गेले, आणि शेवटाला पोचल्यावर पाठ सरळ करत सहज म्हणाले, "सगळं चांगलं आहे, तर मग पोरं व्हॅनमध्ये का बसवता?"

मग अक्का बोलल्या. "ती गाडी सात वाजता पोरले लई जास. तुम्हनी शाळा साडेदहाले उघडस. आम्ही आठले वावरमा जातस. मधमा पोर कोनाकडे ठेवानं?"

इंग्रजीचं कुणी नावही काढलं नव्हतं... माझं पेन थांबलं. माझा स्वतःचा मुलगा रोज सकाळी सासूबाईंच्या हवाली करून मी बस पकडते, तरीही हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्या दिवशी मला माझ्या सुंदर अक्षराची लाज वाटली.

पुढची सभा सरांनी बाजाराच्या दिवशी ठेवली, कारण त्या दिवशी वेचणी बंद असते. बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच सतरंजी अपुरी पडली. आबांनी कमानीचा विषय काढला. सर म्हणाले, कमानही घेऊ, पण पहिल्या नंबरावर साडेसातला गेट उघडणं. आबांना ते पटेना. "हे काय आराखड्यात लिहायचं काम आहे का? आराखड्यात काहीतरी बांधकाम पाहिजे." सर हात जोडून म्हणाले, "आबा, कमानीखालून जायला पोरं तर पाहिजेत." बायकांनी हात वर केले, कमान दुसऱ्या नंबरावर गेली, आणि ती अजून तिथंच आहे.

त्यानंतर दोन वर्षं सर रोज साडेसातला गेट उघडून व्हरांड्यात बसायचे. पोरं अभ्यास करायची, पेपर वाचायची, निम्मी तर नुसतीच सरांच्या खुर्चीभोवती लोळायची. माझी वेळ साडेदहाची होती आणि मी साडेदहालाच जात होते. एकेक करून पोरं परत आली, शाळा बंद करायची भाषा थांबली, आणि व्हॅन आमच्या गावात शिरेनाशी झाली.

सर गेल्यावर मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे आला. गेट पुन्हा साडेदहाला उघडायला लागलं. दहा-बारा दिवसांतच व्हॅन गावातून फेरी मारून गेली आणि आमची दोन पोरं तिच्यात बसली. सकाळी गेट उघडायला शिपायाची मागणी करावी, म्हणून त्या संध्याकाळी मी आराखड्याची फाईल काढली. सगळं माझ्या अक्षरात होतं. साडेसातच्या ओळीपुढचा 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना तेवढा सरांनी स्वतः भरला होता, आणि तो मी आजवर वाचलाच नव्हता. तिथं त्यांनी आपलं नाव लिहिलेलं नव्हतं. 'मुख्याध्यापक' एवढंच लिहिलं होतं. खाली तारीख, शिक्का, सगळं रीतसर. आधी मला हसू फुटलं, काय बेरकी माणूस म्हणून. मग मात्र सरांच्या खुर्चीत बसून मी खूप रडले. त्यांना 'सर, तुमचं बरोबर होतं' असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

रात्रीच अक्कांना फोन केला, उद्यापासून गेट साडेसातला उघडेन. दुसऱ्या दिवशी मुलाला झोपेतच सोडून पहिली बस पकडली. बसने वाटेत वेळ खाल्ला. गेटपाशी पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते, सात-आठ पोरं भिंतीला टेकून बसली होती आणि सुमनअक्का कमरेला फडकं बांधून उभ्या होत्या. मी कुलूप काढलं. अक्कांनी पोरं आत घातली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वावराच्या वाटेला लागता लागता म्हणाल्या, "मॅडम, साडेसातले म्हनजे साडेसातले."