पळसाच्या फोटोतले काका

कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण सांगतोच. चहा निवायच्या आत माझी काय लाज काढायची ती काढून घ्या, म्हणजे मोकळा होतो.

फागुनात मी नवा मोबाइल घेतला अन् मला फोटोचं वेड लागलं. जिकडेतिकडे पळस पेटलेला. यवतमाळहून गाडी काढली, दिग्रसला माझ्या काकांना सोबत घेतलं आणि पुसदवरून फुलसावंगीकडे निघालो. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. काकूंचे गुडघे गेलेले, त्या घरीच राहिल्या.

दर मैलाला मी थांबायचो. मोबाइल धरला, की काका समोर हजर! अंगात तपकिरी स्वेटर, डोक्याला कानटोपी, हात कमरेवर. अहो, मार्च महिन्यात!

"काका, जरा बाजूले सरा ना. झाड दिसून नाही राह्यलं."

"झाड कुठं पळून चाललं बापा? काढ तू."

साठ फोटो. साठही फोटोंत काका.

घरी येऊन मोबाइलवरच ते फोटो रंगवायला बसलो. आभाळ असं निळं केलं, जशी निळीची अख्खी पुडी सांडली. पळस इतका लाल, की बायको म्हणाली, "आग लागली होती का तिकडे?" आणि मग सापडलं ते पुसायचं बटण! माणसावर बोट फिरवा, माणूस गायब, त्याच्या जागी गवत. काय मजा! एकेका फोटोतून काका पुसले. मोबाइल विचारायचा, जुना फोटो ठेवायचा का? जागा संपत आलेली. कशाला ठेवायचा? नाही, नाही, नाही.

दीड महिन्यानं काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दिग्रसच्या घरात भिंतीवर लावायच्या फोटोचा विषय निघाला. लग्नातला वाळवीनं खाल्लेला. कुठल्याशा ओळखपत्रावर एक होता, पण तो पाहून सख्खा भाऊही ओळखणार नाही. मी छाती पुढं काढली.

"काकू, चिंता नका करू. माझ्यापाशी साठ हायेत!"

तुम्ही म्हणाल, पुसल्याचं विसरलास कसा? अहो, कमरेवर हात ठेवलेले काका डोळ्यांत इतके बसले होते, की फोटोत ते असणारच असं धरून चाललो!

झालं. फ्रेमवाला माप विचारायला आला. चुलतभावानं बॅनरवाल्याला सांगून टाकलं, चौकात आठ फुटी लावायचा. शेजारणी काकूंभोवती गोळा झाल्या. "दाखव रे बाबू."

मोबाइल उघडला. पळस. घाट. रस्ता. पळस. आभाळ. पळस. एका फोटोत गवतावर नुसती सावली राहिली होती, कमरेवर हात ठेवलेली.

"अन् हे कुठं हायेत?" काकूंनी विचारलं.

"काकू... मी त्याईले पुसून टाकलं."

"काहून?"

"झाड दिसून नव्हतं राह्यलं."

काकू रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मीच सांगतलं होतं त्याईले. जिथं जासान तिथं फोटोत उभे राहजा. मले घरबसल्या समजन, कुठं कुठं गेलते."

मग त्यांनी मोबाइल हातात घेतला. "इथं कुठं होते?" मी बोट ठेवलं. "इथं, काकू." पुढचा फोटो. "इथं?" पुन्हा बोट. असं सगळ्या फोटोंवर केलं. असा प्रवास देव वैऱ्यालाही न देवो!

तेरवीला भिंतीवर ओळखपत्रातलेच काका होते, पोलिसांनी धरून आणल्यासारखे. पुसदहून आलेले एक पाहुणे मला कौतुकानं म्हणाले, "शेवटच्या फिरतीले तुमीच संग होते म्हणे. फोटोबी तुमीच काढले?"

मी तोंड उघडायच्या आत काकू बोलल्या.

"फोटो नाही काढले त्यानं. फोटोतून माणूस काढला!"