इशबेलचा मिंगिस, नॅनचा मिंगिस

स्कॉटलंडातल्या आमच्या बंदरावर मिंगिस आडनावाची दोन घरं. हाक मारताना दोन्ही मिंगिसच. पण इशबेलच्या सासरचे लिहायचे ‘मेंझीस’, झेड घालून. जुन्या स्कॉट लिखाणात ग आणि य यांच्या मधलं एक अक्षर होतं. छापखान्यात त्याचा खिळा नव्हता, म्हणून तसाच दिसणारा झेड बसवला. कागदावर झेड आला, जिभेवर जुनाच उच्चार राहिला. नॅनचे आजेसासरे हट्टी. “बोलतो तेच लिहिणार,” म्हणत त्यांनी झेड काढून जी घातला, आणि सख्ख्या भावांत अबोला धरला गेला. तरी दोन्ही घरांत नातवाचं नाव एकच पडलं, मूळ पुरुषाचं. डंकन.

हे दोन डंकन, इशबेलचा नवरा आणि नॅनचा, मासेमारीच्या एकाच बोटीवर जायचे. इशबेलचे वडील समुद्रानेच नेलेले, त्यामुळे वारा फिरला की तिच्या तव्यावरचा ओटकेक, म्हणजे ओटची भाकरी, हमखास करपायचा. नॅन हसायची, “अगं, काळजीने लाटा थांबत असत्या तर तू समुद्राचं तळं केलं असतंस!”

त्या फेब्रुवारीत बोट शेटलंड बेटांजवळ खडकावर फुटली. दोघी चुलत जावा आमच्या पोस्टात येऊन बसल्या. गावात फोन तिथेच, आणि तो घेणारी मी. दुपारी दवाखान्यातून नर्सचा फोन आला.

“एकजण जिवंत सापडलाय. बाकी कोणी नाही. शुद्ध जाण्याआधी नाव सांगितलं त्याने, डंकन मिंगिस. लिहायचं कसं हो? झेड की जी?”

फोनवर हात ठेवून मी दोघींकडे वळले. “एकच वाचलाय. डंकन मिंगिस,” मी म्हटलं.

“कोणता?” इशबेलने विचारलं.

“नुसतं मिंगिस म्हणाला.”

दोघांचं वय एकच, केसही सारखेच तांबडे. दोघांना वेगळं ओळखायची खूण इशबेलला ठाऊक होती, पण ती शालीचं टोक पिळत राहिली. माझा असू दे म्हणावं, तर नॅनचा बुडावा असं म्हणणं झालं. शेवटी नॅनच बोलली.

“डाव्या हाताची करंगळी विचार. माझ्या नवऱ्याची दोरखंडात तुटलीय.”

नर्स बघायला गेली. फोनमध्ये लांबवर कुणाचे तरी बूट वाजत होते. नॅनने इशबेलचा हात धरला होता की इशबेलने नॅनचा, कळत नव्हतं.

“बोटं सगळी आहेत,” नर्स म्हणाली.

मी ते मोठ्याने सांगितलं. इशबेलच्या घशातून आवाज निघाला आणि तिने स्वतःच तोंडावर हात दाबला. नॅन उठली, चहाचे कप विसळले, पालथे घातले आणि घरी गेली.

इशबेलचा डंकन परतला, पण पुन्हा बोटीवर चढला नाही. बर्फाच्या कारखान्यात लागला. इशबेलची धास्ती मात्र संपेना. नवरा समोर जेवत असतानाही ती दचकून दाराकडे बघायची. रोज दुपारी ती नॅनच्या उंबऱ्यावर माशांच्या सुपाचं भांडं ठेवायची. नॅन दार उघडत नसे. भांडं रिकामं मिळायचं, एवढंच. “ती माझं तोंड बघणार नाही आता,” इशबेल मला म्हणायची.

वसंतात एकदा ती भांडं ठेवून वळली, तोच मागे कडी वाजली. नॅन दारात उभी होती, वाळून काटकी झालेली.

“इशबेल, मीठ किती घालतेस गं? अख्खा समुद्र ओततेस की काय?” ती म्हणाली. “ये आत. सूप कसं करायचं ते दाखवते.”