मान्य आहे की नाही

दाढताई कवळ्या बनवायच्या. आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर त्या एकोणीस वर्षं बसत होत्या. दातांच्या डॉक्टरांकडून साचा आला की त्यात प्लास्टर ओतायचं, मग मेणात एकेक दात बसवायचा. आम्ही दोघी मायदेश सोडून आलेल्या, त्यामुळे दुपारी डबा आणि गाऱ्हाणी एकदमच उघडायचो.

त्यांचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं आठ वर्षांपूर्वी निकालात निघालं होतं. घर सोडून गेलेला नवरा सुट्टीत मायदेशी गेला. लोक येताना खाऊ आणतात, हा घटस्फोट घेऊन आला. कोर्टाची नोटीस ताईंच्या माहेरच्या पत्त्यावर गेली होती. भावानं सही करून ती घेतली आणि ‘उगाच तिला ताप नको’ म्हणून कपाटात ठेवून दिली. ताई हजर नाहीत म्हणून निकाल एकतर्फी लागला. त्यात लिहिलं होतं, पत्नीने पतीला सोडले. ताई आठवडाभर रडल्या, मग घराला नवे पडदे लावले आणि विषय मिटला.

निदान आम्हाला तसं वाटलं.

पुढे प्रयोगशाळेच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला आलेला माणूस विधुर होता आणि मोजकंच बोलायचा. लिफ्ट सुरू झाल्यावरही ‘एकदा बघून जातो’ म्हणत तो दर गुरुवारी येऊ लागला. वर्षभरानं ताई आणि तो विवाह नोंदणी कार्यालयात गेले. साक्षीदार म्हणून मी.

कारकून बाईंनी संगणकात पाहिलं. “तुमचं लग्न झालेलं आहे.”

“झालं होतं,” ताई म्हणाल्या आणि निकालाचा कागद पुढे केला.

बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. “तिथला घटस्फोट इथे आपोआप लागू होत नाही. नोटीस मिळाली होती तुम्हाला?”

“भावाला मिळाली होती.”

“घटस्फोट भावाचा नव्हता,” बाई म्हणाल्या. “म्हणजे इथल्या कायद्यानं तुम्ही अजून बायको आहात. मात्र नोटीस तुम्हाला मिळाली नाही, तेव्हा तक्रार करायची की नाही, हेही तुमच्याच हातात. तुम्हाला स्वतःला तो निकाल मान्य असेल, तर या फॉर्मवर तसं लिहून द्या. मान्य आहे किंवा मान्य नाही.”

“मला विचारताय?”

“दुसरं कोणाला विचारणार?”

लिफ्टवाल्यानं खिशातून पेन काढून दिलं. ताईंनी फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली. “विचार करून सांगते.”

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, “किती दिवस?”

“माहीत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. गुरुवारी नेहमीप्रमाणे आला.

पुढच्या आठवड्यात जुना नवरा प्रयोगशाळेत आला. त्यानं मायदेशी दुसरं लग्न करून बायकोला इथे आणलं होतं. आता तिचा इथे राहण्याचा परवाना अडकला होता. कार्यालयानं त्याला विचारलं होतं, यातली बायको कोणती?

“सही करून टाक ना,” तो उभ्या उभ्याच म्हणाला. “इथे माझ्या दोन बायका झाल्यात.”

“अभिनंदन,” मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

ताई हातातली कवळी घासत राहिल्या. “तेव्हा का नाही विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो म्हणाले असते. विचारायला हवं होतंस.”

ताईंनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. “कोण कोणाला सोडून गेलं, ते लिही. तुझ्या अक्षरात.”

“कोर्टात याचा काही उपयोग नाही.”

“कोर्टासाठी नकोच आहे. आमचा भाऊ आजही मला म्हणतो, ‘तूच त्याला टाकलंस, निकालातच लिहिलंय.’ त्याला पाठवायचंय.”

त्यानं चार ओळी लिहिल्या. ताईंनी वाचल्या. “‘नाइलाजाने’ खोड.”

त्यानं खोडलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ‘मान्य आहे’ लिहून सही केली. चार महिन्यांनी कार्यालयातून बोलावणं आलं.

“तुम्ही आठ वर्षांपासून घटस्फोटित आहात,” कारकून बाई म्हणाल्या.

“मी तेच सांगत होते.”

“हो, पण तेव्हा ते खरं नव्हतं.”

मधल्या काळात, नवऱ्याच्या त्या चार ओळी पोचल्यावर, भावाचा फोन आला होता. बराच वेळ तो नुसता खाकरत होता. मग म्हणाला, “ती नोटीस मी तुला कळवायला हवी होती.” ताई ‘हो’ म्हणाल्या. पुढचा अर्धा तास तो त्याच्या गुडघ्याबद्दल बोलला आणि ताईंनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर त्यांनी तोंड धुतलं. डोळे लाल दिसत होते.

लग्न अकरा मिनिटांत आटोपलं. जेवून आम्ही तिघं प्रयोगशाळेत आलो, कारण एका आजोबांची वरची कवळी संध्याकाळी द्यायची होती. लिफ्टवाला स्टूल ओढून ताईंच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “हिरड्यांचा हा गुलाबी रंग आणता कसा?”

ताई पाच वाजेपर्यंत सांगत होत्या.