दगडावरची बैठक

झिलूअज्जा खाकरला की ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. कुंभारवाड्याजवळच्या त्या लहानशा वाडीचा तो बुधवंत, म्हणजे निवाडा करणारा म्होरक्या. बैठकीत पहिला शब्द त्याचा, शेवटचाही त्याचा, आणि मधले बहुतेक त्याचेच. निवाडा झाला की ज्याचं म्हणणं टिकलं त्याच्या हातावर तो सुपारीचं खांड ठेवायचा. पुष्कळदा ते स्वतःच्याच तोंडात टाकायचा.

दिवाळी सरली की वाडी ओढ्यावर दगडमातीचा बांध घाली. त्या पाण्यावर वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भात पिकायचं. आधी घरटी एक दगड काठावर आणायचा, त्यावर बसून बैठक करायची, मग कामाला लागायचं. नेम जुना होता: दगड आणंल तोच बसंल, बसंल तोच बोलंल.

पण सलग दोन वर्षं पाऊस लवकर पळाला. शिमग्याआधीच ओढा वाळूत जिरला आणि भाताच्या लोंब्या पोचट राहिल्या. अज्जाची नात पारू आणि शेजारचा वासू गुरं घेऊन वर फणसाच्या वळणाला जात. तिथला झरा चैत्रातही वाहताना त्यांनी पाहिला होता.

"अज्जा, औंदा बांध फणसाकडं घालूया," पारू म्हणाली.

"बांध आंब्याखालीच. माझ्या आज्यापास्नं."

आंब्याखालच्या बांधाचं पहिलं पाणी अज्जाच्या शेतात शिरायचं. फणसाकडून पाट आला तर त्याचं शेत सगळ्यात शेवटी. हे अज्जाला ठाऊक होतं, पारूलाही. पण यंदाही पीक बुडलं, तर वाडीतली निम्मी घरं मजुरीला रामनगरकडं जाणार होती.

बैठकीचा दिवस आला. म्हाताऱ्यांच्या कंबरा केव्हाच गेल्या होत्या, त्यामुळं दगड पोरंच वाहत. दरवर्षी दगड ठेवून ती बाजूला होत. त्या दिवशी पारूनं दगड टेकवला आणि ऐटीत त्यावर बसली. वासू बसला. दगड घेऊन आलेली तरणी तुळजाही पदर खोचून बसली.

"उठा रे, म्हाताऱ्यांना बसू द्या!" म्हाताऱ्यांतला लक्ष्मणमामा ओरडला.

"दगड कुणी आणला, मामा?"

"तू."

"मग बसू कुणी?"

मामानं अज्जाकडं बघितलं. अज्जा खाकरला.

"अज्जा, खाकरा, पण बोलू नका," वासू म्हणाला. "नेम मोडंल."

बायका पदराआड हसायला लागल्या. अज्जा तणतणत ओढ्यात उतरला, चांगला रांजणाएवढा धोंडा त्यानं कवेत धरला, "हं!" केलं, आणि धोंडा जागेवरच ठेवून स्वतः पाण्यात बसला.

पारूनं धावत जाऊन त्याला हात दिला. तो म्हणाला, "बोल बाये. पाणी लई गार हाय, लवकर बोल."

पारूनं फणसाच्या झऱ्याचं सांगितलं. पाट कसा वळवायचा ते काठीनं मातीत रेघ ओढून दाखवलं.

"आणि तुमचं शेत?" मामानं विचारलं. "पाणी पोचायच्या आत तुझा अज्जा पोचंल की वर!"

"आमचं शेवटी भिजंल," पारू म्हणाली. "दोन सालं पहिलं पाणी घेतलं, मामा. काय पिकलं? पोचटच ना? सगळ्यांचं भिजू दे, शेवटी का हुईना, आमचंबी भिजंल."

अज्जानं ओल्या कनवटीतून सुपारी काढली, अडकित्त्यानं कातरली. खांड क्षणभर स्वतःच्या तोंडाकडं गेलं. मग ते पारूच्या हातावर आलं.

त्या वर्षी वायंगणाच्या लोंब्या भरल्या. अज्जाच्या शेतात पाणी सर्वात उशिरा यायचं. तो बांधावर बसून ओरडायचा, "पारू, तुझं पाणी वाटेत झोपलं काय गं?" मजुरीला मात्र कुणी गेलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पोरं दगडांवर बसली होती. अज्जा डुलत डुलत आला. त्यानं कनवटीतून नारळाएवढाही नसलेला एक गोटा काढून जमिनीवर ठेवला.

"नेमात दगड केवढा ते हाय काय?"

"न्हाई," पारू म्हणाली. "पण बसायला लागंल."

"व्हय तर!" म्हणत अज्जा त्या गोट्यावर बसला, कळवळून उठला, आणि खाकरून पुन्हा बसला.