हात न लावलेले चार संगणक

इंगोले सर संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढत आणि आम्हा पोरांना तोंडावर रुमाल धरायला लावत. "तोंडाची वाफ लागते तेले," ते म्हणत. "पाह्याचं. हात नाई लावाचा." चार टेबलांवर चार संगणक, त्यांच्यावर सरांच्या बायकोने शिवलेली फुलाफुलांची झाकणं. ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला निघत. सर प्रत्येक संगणकाच्या डब्याला हळद-कुंकू लावत, अक्षता टाकत, उदबत्ती ओवाळत आणि लगेच पुन्हा झाकून टाकत. जऊळक्याजवळच्या आमच्या लहानशा गावात पाहुण्यांनाही ही खोली दाखवायला नेत.

संगणक हा विषय सर फळ्यावर शिकवत. पुस्तकात पाहून चित्र मात्र सुरेख काढत, प्रत्येक भागाचं नाव रंगीत खडूने. मला पैकीच्या पैकी गुण असायचे; "सुनी पयली," सर वर्गात सांगत. आठवीत असताना, पूजा चालू होती तेव्हा मी डब्यावरचं बटण दाबलं. वीज नव्हतीच, त्यामुळे काहीच झालं नाही. सरांनी सगळ्या शाळेसमोर माझ्या कानाखाली वाजवली. "काहून हात लावला? बिगडलं तं तुह्या बापाच्यानं भरून होईन का?" बाप तिथेच होता, नारळ फोडायला बोलावलेला. तो हातातला नारळ फोडायला खाली वाकला.

माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. ओढ्याला पाणी आलं की लहान पोरांना खांद्यावर बसवून पलीकडे पोचवायचे. खडूचे तुकडेसुद्धा डबीत साठवायचे. "जपलं तं टिकते" एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

बारावीनंतर अकोल्याच्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात मी काम मागायला गेले. मालक म्हणाला, "हे चालू करून दाखव." मी डब्यावरचं बटण दाबलं. पडदा काळाच. पडद्याला वेगळं बटण असतं, हे फळ्यावर कधी आलंच नव्हतं. दुकानातली पोरं हसली. दोन वर्षं मी तिथे झाडू मारला आणि झाडता झाडता बघून शिकले. आज आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावात, माझं स्वतःचं दुकान आहे. माझ्याशी भाव करायला येणारा दोनदा विचार करतो.

काही वर्षांपूर्वी सर दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. चपला काढलेल्या.

"सुने, रिटायर होऊन राह्यलो. चार्ज द्याचा हाय. नवा हेडमास्तर म्हणते, निदान एक तरी संगणक चालू करून दाखवा, तवाच सही करीन. तेनं सोताच बटनं दाबून पाह्यली, एकबी चालू होत नाई. माही पेन्शन अडकन."

मी म्हटलं, "तुमचा एक रुपया नोको मले. निरोपाच्या कार्यक्रमात उभं राहून सांगा, मी पोरायले हात लावू देला नाई, ते माह्यं चुकलं."

सरांनी पायरीवरच्या चपला पायात घातल्या. मग म्हणाले, "बोलीन."

वापरून बिघडलेलं मशीन कसं असतं ते मला ठाऊक आहे. शाळेतली ही मशीनं न वापरून मेली होती. दोन डब्यांत अक्षता खायला आलेल्या उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. एकाचे बोर्डावरचे वीज साठवणारे कपॅसिटर फुगले होते. चौथ्याला मी आधी प्लग तपासला, मग केबल, मग दुसऱ्या डब्यातला पॉवर सप्लाय काढून त्याला लावला. पंखा फिरला, पण पडद्यावर काही नाही. रॅम काढली, तिचे काळे पडलेले दात खोडरबराने घासले, परत बसवली.

"आता बटन तुमी दाबा, सर."

त्यांचं बोट डब्यासमोर हवेतच फिरत राहिलं. "कोनतं हाय वं?"

मी हातातलं खोडरबर खाली ठेवलं.

"मले कोनी शिकवलंच नाई, सुने," ते म्हणाले. "सामानाच्या रजिस्टरवर सही तेवढी माही. बिगडलं असतं तं मी कोठून भरलं असतं?"

मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. पडदा उजळला. सर लहान पोरासारखे मागे सरले. मला त्यांची दया आली. पण राग त्या दयेपेक्षा फार जुना होता.

निरोपाच्या दिवशी सरपंच म्हणाले, "इतकी वर्सं कोऱ्याच्या कोऱ्या वस्तू जपल्या सरायनं, असा मास्तर भेटनार नाई." टाळ्या झाल्या. सर बोलायला उठले. मी तिसऱ्या रांगेत होते, त्यांनी मला पाहिलं. म्हणाले, "सगळं सामान चालू हालतीत सोपवलं." आणि बसले. पुन्हा टाळ्या.

नंतर फाटकाशी त्यांनी मला गाठलं. "लोकायसमोर नाई जमलं, पोरी. आता बोलतो, आयक."

"मले लोकायसमोरच मारलं होतं तुमी," मी म्हणाले आणि चालू लागले.

गेल्या वर्षी सर गेले. निरोप आला तेव्हा माझ्यासमोर एक मशीन उघडं पडलं होतं. हातातलं टाकून मातीला कशी जाऊ, असं मी निरोप्याला सांगितलं. दहा मिनिटांत ते मशीन चालू झालं. मी उठले नाही.